शनिवार कोणाचा?

साशंक : सोव्हिएत ज्यूंच्या चिकाटीची गोष्ट निघाली की सगळे श्रद्धेपासून सुरुवात करतात. मला आकड्यांपासून करायची आहे. १९७९ साली सोव्हिएत संघातून सुमारे ५१ हजार ज्यू बाहेर पडले. १९८४ साली हजारसुद्धा नाहीत. या पाच वर्षांत लोकांची श्रद्धा आटली होती का? देव तोच, प्रार्थना त्याच, देश सोडण्याचा अर्ज घेऊन खिडकीवर उभी असलेली माणसेही बहुतेक तीच. बदलले होते ते मॉस्को आणि वॉशिंग्टनचे संबंध. १९७९च्या डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, शस्त्रकपातीचा करार अमेरिकेच्या सिनेटमध्ये अडकला, व्यापारी सवलतींची आशा मावळली आणि व्हिसाची खिडकी मिटली. गोर्बाचेव्ह यांना पाश्चात्त्यांशी पुन्हा बोलणी करायची होती, तेव्हा ती उघडली. आधीच्या दशकातही असेच घडले. १९७२च्या ऑगस्टमध्ये देश सोडणाऱ्या पदवीधरांकडून शिक्षणाचा खर्च वसूल करणारा कर बसवला गेला. अमेरिकेत गदारोळ झाला आणि काही महिन्यांत वसुली थांबली. १९७५च्या जानेवारीत जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्तीचा कायदा झाला आणि देशांतराचा हक्क थेट व्यापाराला बांधला गेला. या सगळ्या देवघेवीत श्रद्धेने नेमके काय केले? माणसे सुटली ती सौद्यामुळे. श्रद्धेचा गौरव मागाहून चढवलेला साज आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

भाविक : किती लोक बाहेर पडले ते तुमचा आकडा सांगतो. अर्ज नाकारल्यावर माणूस तिथे वर्षानुवर्षे कसा टिकला हे तो सांगत नाही, आणि माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. या नकाराचे काम कसे चालायचे ते जरा जवळून पाहा. अर्ज द्यायचा 'ओव्हिर' नावाच्या कचेरीत. त्याला इस्रायलमधल्या नातेवाइकाचे निमंत्रण लागे, आईवडिलांची लेखी संमती लागे आणि नोकरीच्या ठिकाणचा दाखला लागे. म्हणजे देश सोडायचा विचार बायकोच्या पाठोपाठ साहेबाला कळवायचा. दाखला मागितला की कचेरीत सभा भरे, कालपर्यंत डबा वाटून खाणारे उठून निषेध करत आणि नोकरी जाई. मग महिनोन्‌महिने वाट बघायची. शेवटी बहुतेक वेळा तोंडीच उत्तर मिळे : तुम्हाला सरकारी गुपिते ठाऊक आहेत, जाता येणार नाही. कोणती गुपिते, हे विचारायची सोय नव्हती. आता हा माणूस बेकार झाला, आणि सोव्हिएत कायद्यात बेकार राहणे हाच गुन्हा, त्याचे नाव 'परजीवीपणा'. योसेफ बेगुन हे गणिती खाजगी शिकवण्या घेऊन हिब्रू शिकवत. त्यांनी शिक्षक म्हणून रीतसर नोंदणी मागितली. हिब्रूचा शिक्षक असा धंदाच आमच्या यादीत नाही, म्हणून नोंदणी नाकारली. नोंदणी नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणून १९७७ साली त्यांना परजीवी ठरवून पार मागादानकडे हद्दपार केले. परत आल्यावर पुन्हा शिक्षा, आणि १९८३ साली सात वर्षे सक्तमजुरी अधिक पाच वर्षे हद्दपारी. व्लादिमीर स्लेपाक यांनी १९७० साली अर्ज केला, ते बाहेर पडले १९८७च्या ऑक्टोबरात. सतरा वर्षे. वॉशिंग्टनचा सौदा दर सकाळी त्यांना अंथरुणातून उठवायला येत नव्हता. आणि सौदा व्हायला सौद्यासाठी नावे तरी लागतात. आपण कोण आहोत हे सांगायचेच ज्यांनी सोडून दिले असते, त्यांच्या वतीने अमेरिकी सिनेटमध्ये कोण काय मागणार होते?

साशंक : चिकाटी मी नाकारत नाहीच. तिला धार्मिक म्हणण्याला माझी हरकत आहे. तुम्ही स्लेपाक यांचे नाव घेतलेत. त्यांचे वडील जुने बोल्शेविक, त्यांनी मुलाचे व्लादिमीर हे नाव लेनिनवरून ठेवले. मुलाने अर्ज केल्यावर त्याच बापाने त्याच्याशी संबंध तोडले. या घरात तोरा हा ज्यू धर्मग्रंथ कुठून येणार? इडा नुडेल यांनी १९७८च्या जूनमध्ये मॉस्कोतल्या आपल्या गच्चीवर केजीबीकडे व्हिसा मागणारा फलक लावला आणि त्यापायी चार वर्षे सैबेरियातल्या क्रिवोशेइनो गावी काढली. कैद्यांना पत्रे आणि पार्सले पाठवणारी, त्यांची नावे जगापुढे आणणारी ही बाई होती. तिची निष्ठा माणसांशी होती. रीगाच्या तरुणांचा गट घ्या. तो कुठल्या सिनेगॉगमध्ये जमला नाही. रीगाजवळच्या रुम्बुलाच्या जंगलात १९४१च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दोन दिवसांत नाझींनी सुमारे २५ हजार ज्यूंना गोळ्या घातल्या होत्या. साठच्या दशकात ही मुले तिथे जमून झाडोरा काढत, दफनाच्या जागा साफ करत. चळवळीचा जन्म असा थडग्यापाशी झाला. शिवाय मी म्हणेन की या लोकांना ज्यू ठेवले ते सोव्हिएत सरकारनेच. शाळा बंद केल्या, हिब्रू बंद केली, १९५२च्या ऑगस्टमध्ये यिडिश लेखकांना आणि त्यांच्याबरोबरच्यांना गोळ्या घातल्या, आणि हे सगळे करून पासपोर्टातल्या राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मात्र 'ज्यू' हा शिक्का कायम ठेवला. विद्यापीठाच्या प्रवेशाला तोच शिक्का आडवा येई. अशा माणसाने 'मग मला माझ्या देशात जाऊ द्या' म्हटले, तर ती राष्ट्रीय मागणी झाली. तिला धर्माचे नाव आपण बाहेरून देतो.

भाविक : रुम्बुलाची आठवण काढलीत ते बरे केलेत, कारण त्याच मुलांतला एक माणूस मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. योसेफ मेंडेलेविच. १९७०च्या १५ जूनला लेनिनग्राडजवळच्या विमानतळावर बारा आसनांचे छोटे विमान पळवून देशाबाहेर जाण्याचा बेत आखलेल्या गटात तो होता. लग्नाला निघालेले वऱ्हाड म्हणून तिकिटे काढली होती. विमानात चढण्यापूर्वीच सगळे पकडले गेले. दोघांना देहांताची शिक्षा झाली आणि जगभर बोभाटा झाल्यावर ती आठवड्याभरात मागे घेतली गेली. मेंडेलेविचच्या वाट्याला बारा वर्षे आली. छावणीत त्याने ठरवले की शनिवारी काम करायचे नाही. बाकी दिवशी करतो, शनिवारी नाही. डोक्यावर किप्पा ही ज्यूंची छोटी टोपी घालायचा, ती ओढून काढली तर पुन्हा करायची. शनिवारच्या नकाराची शिक्षा म्हणून त्याला छावणीतून काढून व्लादिमीर शहरातल्या कडक तुरुंगात टाकले. शिक्षेच्या अखेरीस हिब्रू पुस्तके जप्त झाली, तर त्याने पन्नासहून अधिक दिवस उपोषण केले. आता मला सांगा, हे सगळे कोणत्या राष्ट्रीय मागणीत बसते? शनिवारी फावडे खाली ठेवल्याने व्हिसा मिळत नव्हता. उलट शिक्षा वाढत होती.

छावणीत माणसाचा वेळ सरकारचा असतो. उठायची घंटा त्यांची, जेवायची त्यांची, दिवे घालवायची त्यांची. कैद्याने सात दिवसांतला एक दिवस परत काढून घेतला आणि म्हटले की हा दिवस तुमच्या आधीपासून ठरलेला आहे, मलासुद्धा तो बदलता येत नाही. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. नुसत्या जिद्दीने नकार देणाऱ्याला रोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो : आज अडून बसू का, की आज सोडून देऊ? चौकशी अधिकाऱ्याचे सगळे कसब त्या 'आज'वर चालते. ज्याने आपल्यावर आज्ञा आहे असे मानले, त्याच्याकडे तो निर्णय उरतच नाही. अधिकारी घासाघीस करायला येतो आणि समोरचा म्हणतो, यात द्यायघ्यायला माझे काही नाही. ज्यू परंपरेत आधी करणे आणि मग समजणे असा क्रम आहे. मेंडेलेविचही काही धर्मनिष्ठ घरातून आलेला नव्हता. करत गेला आणि होत गेला.

साशंक : मेंडेलेविच हा अपवाद. तुमचा सगळ्यात प्रसिद्ध नायक शारान्स्की. तो तर पुढेही कर्मठ झाला नाही. दोनेत्स्कमध्ये जन्मलेला, बुद्धिबळ खेळणारा, मॉस्कोत गणित शिकलेला माणूस.

भाविक : म्हणूनच तो मला जास्त विचार करायला लावतो. १९७७च्या १५ मार्चला अटक, आरोप देशद्रोहाचा, म्हणजे फाशीही होऊ शकली असती. १९७८च्या जुलैत तेरा वर्षांची शिक्षा. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, १९७४ साली, त्याची पत्नी अविताल देश सोडून गेली होती. तिने पाठवलेले स्तोत्रांचे तळहाताएवढे पुस्तक अटकेच्या सुमारास त्याच्या हाती आले आणि लगेच सरकारजमा झाले. वडील वारल्याची तार तुरुंगात आली, पुढे पुस्तक हाती पडले, तेव्हा त्याने ती दीडशे स्तोत्रे वडिलांसाठी वाचायला घेतली. हिब्रू अर्धीमुर्धी येत होती. एक ओळ घ्यायची, ओळखीचा शब्द पकडायचा, बाकीचे अंदाजाने लावायचे, असे ते वाचन. पुस्तक पुन्हा काढून घेतले की तो काम बंद करायचा, मग शिक्षाकोठडी. एकंदर चारशेहून अधिक दिवस त्याने अशा कोठडीत काढले, थंडीत, कमी शिध्यावर. १९८६च्या फेब्रुवारीत त्याला सोडायला विमानापर्यंत आणले, तेव्हाही पुस्तक दिले नाही, तर तो बर्फात आडवा झाला आणि ते हातात पडल्यावरच उठला. सुटका दोन पावलांवर असताना. ज्याची स्तोत्रे आधी त्याला धड वाचताही येत नव्हती त्या पुस्तकासाठी!

त्याने आत्मचरित्रात सांगितलेला हनुक्काचा, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचा, प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. छावणीत कैद्यांनी लाकडाचा दीपवृक्ष करून दिला होता. सणाच्या मधल्याच एका रात्री पहारेकऱ्यांनी तो जप्त केला. त्याने उपोषण सुरू केले. वरून तपासणी येणार होती, छावणीच्या प्रमुखाला उपोषण मिटवायची घाई होती. शारान्स्की म्हणाला, मिटवतो, पण आजचे दिवे इथे, तुमच्या कचेरीत लावायचे, आणि आमच्या रीतीप्रमाणे प्रार्थनेच्या वेळी हजर असलेल्याने उभे राहायचे, डोके झाकायचे आणि शेवटी आमेन म्हणायचे. प्रमुखाने अधिकाऱ्याची टोपी डोक्यावर घातली आणि उभा राहिला. शारान्स्कीने मेणबत्त्या लावल्या आणि हिब्रूत स्वतःची प्रार्थना रचून म्हटली, की एक दिवस आम्ही हे दिवे आमच्याच शहरात लावू आणि आज आमचे वैरी असलेलेही ते ऐकून आमेन म्हणतील. प्रमुखाला त्यातले अक्षर कळले नव्हते. तो आमेन म्हणाला. चकचकीत टेबलावर मेण ओघळत होते. त्या खोलीत त्या संध्याकाळी नियम कोणाचा चालला?

साशंक : प्रसंग हेलावून टाकणारा आहे. पण एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अनातोली मार्चेन्को. रेल्वे कामगारांच्या घरातला रशियन, ज्यू चळवळीशी संबंध नाही, धार्मिक म्हणून ओळख नाही. स्टालिननंतरच्या छावण्यांबद्दल पहिल्यांदा उघड लिहिणाऱ्यांपैकी तो एक. सगळ्या राजकीय कैद्यांची सुटका मागत त्याने चिस्तोपोलच्या तुरुंगात दीर्घ उपोषण केले आणि १९८६च्या डिसेंबरात तो मेला. त्याच्यावर कुठली आज्ञा नव्हती, मागे कुठला शनिवार नव्हता. पुढे कुठली भूमीही नव्हती. मग तुमच्या हिशेबात तो कुठे बसतो? श्रद्धेशिवाय माणूस एवढे सोसतो, तर सोसण्याचे श्रेय श्रद्धेला कसे देता येईल?

भाविक : देता येणार नाही. मार्चेन्कोपुढे मी गप्प होतो आणि मला गप्पच राहिले पाहिजे. सोसायला श्रद्धाच लागते असे मी म्हणत असेन तर ते मागे घेतो. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. मार्चेन्कोचे बळ त्याच्याबरोबर आले आणि त्याच्याबरोबर गेले. तसे धैर्य दुसऱ्याला शिकवता येत नाही. शनिवार शिकवता येतो. इल्या एसास हेही गणितीच. व्हिसा नाकारल्यावर मॉस्कोत त्यांनी आधी स्वतः तोरा शिकून घेतली आणि मग १९८६ साली बाहेर पडेपर्यंत घरगुती वर्गांत ती दुसऱ्यांना शिकवली. ज्याला आज अक्षरे कळली तो पुढच्या वर्षी दुसऱ्याला अक्षरे शिकवी. युली एडेलस्टीन या तरुण हिब्रू शिक्षकाला १९८४ साली मादक पदार्थ बाळगल्याचा बनाव रचून पकडले. भाषेच्या शिक्षकावर मादक पदार्थांचा खटला भरावा लागला, यातच सरकारला कशाची धास्ती होती ते दिसते. धाडसी माणसे मोजता येतात, त्यांना उचलता येते. साधारण धैर्याच्या माणसाला दर आठवड्याला थोडेसे धीट व्हायला शिकवणारी रीत उचलायला गेले तर हाती काय लागणार?

साशंक : आता तुम्ही अशा ठिकाणी आलात जिथे मी तुमच्याशी तुमच्यापेक्षा जास्त सहमत आहे, आणि त्याचा परिणाम तुम्हाला आवडणार नाही. रीत टिकवणे हे श्रद्धेचे खरे काम असेल, तर त्याचे मानकरी तुमचे कार्यकर्ते नाहीत. १९२९च्या सोव्हिएत कायद्याने धार्मिक मंडळीच्या नोंदणीला किमान वीस प्रौढांची नावे लागत. ज्यू प्रार्थनेला दहा जण पुरतात, सरकारला वीस हवे होते, नावपत्त्यांसह. धर्म शिकवायला बंदी, अभ्यासमंडळाला बंदी, मदतनिधीला बंदी. फक्त चार भिंतींत पूजा करायची. या यादीत कोण नाव घालणार? पेन्शनीत निघालेले म्हातारे, ज्यांच्याकडून काढून घ्यायला फारसे उरले नव्हते. स्टालिनच्या सगळ्यात वाईट वर्षांतही ते आले. आपल्यातला कोणीतरी खबऱ्या आहे हे जाणून त्याच्याच शेजारी बसून प्रार्थना केली. साठच्या दशकात सरकारने बहुतेक ठिकाणी मात्सा भाजणे बंद केले, तेव्हा वल्हांडणाची बेखमीर भाकर घरोघरी चोरून केली गेली, आणि ती विकल्याबद्दल मॉस्कोत माणसे तुरुंगात गेली. त्यांची नावे कुठल्या सिनेटमध्ये वाचली गेली नाहीत. सिम्हात तोराच्या सणाच्या रात्री मॉस्कोतल्या आर्खिपोव्हा रस्त्यावर हजारो तरुण नाचत असत, ते दृश्य जगाने पाहिले. पण ज्या सिनेगॉगसमोर ते नाचत, तो उघडा कोणी ठेवला होता? त्या तरुणांतले कित्येक आतसुद्धा जात नसत. ज्यांनी मान खाली घालून दार उघडे ठेवले, त्यांना तुमच्या गोष्टीत जागा नाही.

भाविक : जागा आहे, पण अडचणीची आहे. सरकारमान्य मंडळींच्या पुढाऱ्यांनी पत्रकांवर सह्या केल्या. सोव्हिएत ज्यूंना काही कमी नाही, इस्रायल आक्रमक आहे, देश सोडून जाणारे दिशाभूल झालेले आहेत, असे जगाला सांगितले. ज्या दिवशी एखादा मुलगा छावणीत शनिवारसाठी कोठडीत जात होता, त्या दिवशी त्याच्याच धर्माचा प्रमुख मॉस्कोत सांगत होता की इथे धर्मावर बंधन नाही. राज्यघटनेतही तसेच लिहिले होते. १९७७च्या घटनेचे ५२वे कलम पूजेचा हक्क देते आणि प्रचाराचा हक्क फक्त नास्तिकतेला देते. त्या सहीने कैद्याची कोठडी आणखी अंधारी होत होती. दार उघडे ठेवण्याची ही किंमत कोणी मोजली? सही करणाऱ्याने नाही.

साशंक : आणि सही केली नसती तर? दाराला कुलूप लागले असते, अशी शेकडो कुलपे आधी लागलेली होती. मग तुमच्या मेंडेलेविचला योम किप्पूरचा उपास कधी येतो हे कोण सांगणार होते? पंचांग कोणाकडून आले?

भाविक : पंचांग त्या म्हाताऱ्यांकडून आले, हे खरे. मला दोन गोष्टी वेगळ्या करू द्या. वीस जणांच्या यादीत नाव घालणारा म्हातारा आणि पत्रकावर सही करणारा पुढारी एकच नव्हते, निदान नेहमी नव्हते. पहिल्याला मी नमस्कार करतो, त्याला श्रद्धावान म्हणायला मला क्षणाचाही विचार करावा लागत नाही. दुसऱ्याबद्दल माझे मन अजून ठरत नाही. कारण त्याच्या मनात काय होते हे सहीवरून कळत नाही, आणि छावणीतल्या मुलाला मात्र सहीच ऐकू येत होती.

साशंक : तर मग अजून अवघड ठिकाणी जाऊ. शारान्स्की १९७६च्या मे महिन्यात मॉस्को हेलसिंकी गट या मानवी हक्कांच्या गटाच्या संस्थापकांत होता. त्या गटाने क्रिमियन तातारांसाठी दाद मागितली, पेंटेकोस्टल ख्रिस्त्यांसाठी मागितली, युक्रेनियनांसाठी मागितली. त्यावरून त्याच्याच ज्यू सोबत्यांत वाद पेटला. कित्येक म्हणाले, आपल्याला हा देश सुधारायचा नाही, आपल्याला इथून जायचे आहे, दुसऱ्यांच्या भांडणात पडू नका. मला हा वाद सगळ्या कहाणीचा कणा वाटतो. श्रद्धेने दिलेले बळ आपल्या माणसांपुरते असते की कोणाही अडवलेल्या माणसासाठी असते? तुरुंगात याचे उत्तर सोपे असते. शारान्स्की एका रशियन ख्रिस्ती कैद्याबरोबर बायबल वाचत असे, दोघांचे वैरी एकच होते. बाहेर आल्यावर काय? तो इस्रायलचा मंत्री झाला. २००५ साली गाझातून माघार घेण्याला विरोध म्हणून त्याने मंत्रिपद सोडले. वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी माणसालाही इस्रायलमध्ये इस्पितळात किंवा कामावर जायला परवाना लागतो, आणि तो सुरक्षेच्या कारणाने नाकारला जातो, कारण सविस्तर न सांगता. ओव्हिरच्या खिडकीवर ज्याने इतकी वर्षे काढली, त्याला ही खिडकी ओळखू यायला नको?

भाविक : दोन्ही खिडक्या एकसारख्या आहेत हे मी मान्य करणार नाही. तिकडे बॉम्ब फुटत नव्हते, अर्जदार गणिताचे शिक्षक होते. शारान्स्कीचे म्हणणे असे की समोर मोकळा समाज उभा राहिल्याशिवाय माघारीने शांतता येत नाही. त्याचा युक्तिवाद तपासायला हवा, तो तुरुंगात होता म्हणून बरोबर ठरत नाही. इतके सोसलेल्या माणसाचे पुढचे सगळे मत पवित्र, असे मी कधीच म्हणणार नाही.

आणि तुमच्या प्रश्नाला आपल्या कोकणातूनही एक वाट जाते. बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात राहिले, तेलाच्या घाण्यावर राबले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्यांच्या शनिवारावर कोणी बंदी घातली नाही, कोणी शिक्षा केली नाही. ते इस्रायलला गेले आणि अडवणूक तिथे झाली. १९६२च्या सुमारास मुख्य रब्बींच्या कचेरीने फर्मान काढले, की बेने इस्रायलींची लग्ने नोंदवताना त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा. म्हणजे तुम्ही खरे ज्यू का, ते सिद्ध करा. या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, भारतात पाहिलेल्या मार्गाने, आणि १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे इस्रायलच्या संसदेला, ठराव करावा लागला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. सरकार त्यांचेच होते, रब्बी त्यांचेच होते, आणि श्रद्धा दोन्ही बाजूंना होती.

साशंक : हे उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्या कामाचे आहे. शनिवार तेल्याला शनिवार पाळायला तुरुंग लागला नाही. मॉस्कोतल्यांना लागला. नव्वदच्या दशकात दारे सताड उघडली आणि जुन्या सोव्हिएत संघातून लाखो ज्यू इस्रायलला आले, त्यातले बहुसंख्य धर्म न पाळणारे होते आणि राहिले. बंदीने पेटलेली श्रद्धा बंदी उठल्यावर कशावर जगते? आणि जिचे सगळे शिक्षण 'नाही' म्हणण्यात झाले, तिच्या हातात एक दिवस शिक्का आला, तर समोरच्याचे 'नाही' तिला ऐकू येते का?

भाविक : ज्या पुस्तकासाठी ही माणसे कोठडीत गेली, त्यातच परक्याला छळू नका, तुम्हीही मिसर देशात परके होता, ही आज्ञा पुन्हा पुन्हा येते. मॉस्कोत पडदे ओढून वल्हांडणाचे जेवण व्हायचे, तेव्हा तीच कथा सांगितली जायची. सांगणारा तेव्हा स्वतः परका होता, त्याला ती आज्ञा आपल्या बाजूची वाटली असणार. दार उघडल्यावर आज्ञा तीच राहिली आणि बाजू बदलली. हे मागणे त्याच्यापुढे कुठल्या विरोधकाने ठेवलेले नाही, त्याच्याच ग्रंथाने ठेवले आहे, म्हणून ते त्याला टाळता येत नाही असे मला वाटते. ते त्याने पुरे केले का, याबद्दल मी छातीठोक काही सांगणार नाही.

साशंक : ते पुरे झाले का, हे ग्रंथ वाचणाऱ्याला विचारून चालणार नाही, परवान्याच्या रांगेत उभ्या असलेल्याला विचारावे लागेल. मॉस्कोच्या बाबतीत तुम्ही तेच केलेत. राज्यघटनेचे कलम बाजूला ठेवून तुम्ही बेगुनची साक्ष घेतलीत.

भाविक : विचारू. पण त्याला फक्त तक्रार विचारून परतायचे नाही. रोज पहाटे उठून त्या रांगेत पुन्हा उभे राहायला त्याला काय लागते, शुक्रवारी तो काय करतो, मुलांना काय शिकवतो, हेही विचारायचे. मेंडेलेविचला मी जे विचारले, ते त्याला विचारायचे राहिले तर माझे आतापर्यंतचे सगळे बोलणे एकाच जमातीपुरते होते असे ठरेल.